प्राथमिक शाळेतील मुलांचे आरोग्य आणि आरोग्यकर्मींचे प्रशिक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राथमिक शाळांमध्ये काम करणाऱ्या किंवा करू इच्छिणाऱ्या आरोग्यकर्मींकडून, तसेच त्यांच्यासाठी प्रशिक्षण आखणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरे लांब आहेत, कारण शाळेतल्या कामाची खरी अडचण त्या ठिकाणी आहे.

हे प्रशिक्षण कोणासाठी आहे?

शाळेत जाऊन मुलांना तपासणारे डॉक्टर आणि परिचारिका, दंतवैद्य, डोळे व कान तपासणारे तंत्रज्ञ, आहारतज्ज्ञ, समुपदेशक, आणि शाळेच्या परिसरातील प्राथमिक आरोग्य सेवेत काम करणारे कर्मचारी अशा सर्वांसाठी ते आहे. या सगळ्यांना शक्य तितके एकत्र शिकवावे, असे माझे मत आहे. दंतवैद्याला कानाची तपासणी करता यावी हा त्यामागचा हेतू नाही. एकाच मुलाकडे पाहणाऱ्या चार व्यक्तींना एकमेकांचे काम माहीत असावे, आणि त्या मुलाच्या पालकांच्या हाती चार वेगवेगळ्या सूचनांचे कागद पडू नयेत, हा आहे.

ज्यांचे बालरोगाचे शिक्षण आधीच झाले आहे, त्यांना वेगळ्या प्रशिक्षणाची गरज काय?

दवाखान्यात मूल तक्रार घेऊन येते, सोबत पालक असतात, आणि पालकच अर्धी माहिती सांगतात. शाळेत यातले काहीही नसते. समोर बहुतांश निरोगी मुलांची रांग असते, पालक हजर नसतात, खोली गोंगाटाची असते, आणि ज्या मुलाला खरोखर अडचण आहे त्याला ती आहे हे बहुतेक वेळा ठाऊकच नसते. लहानपणापासून अंधुक पाहणाऱ्या मुलाला सगळ्यांनाच तसे दिसते असे वाटत असते, म्हणून ते तक्रार करत नाही. अशा ठिकाणी लागणारी कौशल्ये निदानाच्या कौशल्यांपेक्षा निराळी असतात : थोडक्या वेळात मुलाचा विश्वास मिळवणे, तपासणी दर वेळी त्याच पद्धतीने करणे, शिक्षकाच्या निरीक्षणातून नेमकी माहिती काढणे, पालकांना घाबरवून न सोडता कृतीस प्रवृत्त करणे, आणि ती कृती झाली की नाही हे पाहणे.

शालेय आरोग्याच्या इतिहासातील एक प्रसंग या संदर्भात प्रत्येक प्रशिक्षणात सांगण्यासारखा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमधील शाळांत डॉक्टर मुलांची तपासणी करत आणि खुपरी, उवा, त्वचेचे संसर्ग आढळलेल्या मुलांना घरी पाठवत. उपचार कोणी करायचे आणि मूल परत कधी यायचे याची जबाबदारी कोणाचीच नसल्यामुळे ती मुले दीर्घकाळ घरीच राहत. १९०२ मध्ये परिचारिका व समाजसेविका लिलियन वॉल्ड यांच्या पुढाकाराने लिना रॉजर्स या परिचारिकेला प्रयोग म्हणून काही शाळांत नेमण्यात आले. त्यांनी किरकोळ आजारांवर शाळेतच उपचार केले, घरोघरी जाऊन पालकांना काय करायचे ते दाखवले, आणि आजारपणामुळे होणारी गैरहजेरी इतकी घटली की लवकरच आणखी परिचारिका नेमल्या गेल्या. त्या शाळांत निदान आधीही होत होते. निदानानंतरचे काम करणारी व्यक्ती मात्र नव्हती. आजही बहुतेक शालेय आरोग्य कार्यक्रमांची कमतरता तिथेच असते, आणि म्हणून प्रशिक्षणाचा सर्वाधिक वेळ त्या कामाला द्यायला हवा.

या वयोगटातील कोणत्या गोष्टींवर भर असावा?

साधारण सहा ते अकरा या वयातील मुले शैशवातील गंभीर आजारांमधून बाहेर पडलेली असतात आणि किशोरवयाचे प्रश्न अजून सुरू झालेले नसतात. त्यामुळे हा काळ निर्धोक मानला जातो आणि आरोग्य यंत्रणेचे लक्ष त्यावरून सहज सुटते. प्रत्यक्षात शिकण्यावर परिणाम करणारे कितीतरी दोष याच काळात उघड होतात किंवा याच काळात दुरुस्त होऊ शकतात.

दृष्टीचे उदाहरण घ्यावे. एका डोळ्याचा नंबर जास्त असेल किंवा डोळा तिरळा असेल, तर मेंदू त्या डोळ्याकडून येणारी प्रतिमा दुर्लक्षित करू लागतो आणि डोळा आळशी बनतो. त्यावरचा उपचार सात-आठ वर्षांच्या आत सुरू झाला तर अधिक परिणामकारक ठरतो. नंतर काही प्रमाणात सुधारणा होऊ शकते, पण ती मिळवणे अवघड होत जाते. म्हणजे पहिलीतील तपासणी आणि पाचवीतील तपासणी यांचे मोल सारखे नाही. लघुदृष्टी मात्र बहुधा शालेय वयातच सुरू होते आणि वाढत जाते, म्हणून एकदा तपासून थांबणेही पुरेसे नाही.

दातांची गोष्ट अशीच आहे. पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षी, दुधाच्या दातांच्या मागे, कोणताही दात न पडता उगवते. त्यामुळे अनेक पालक तिला दुधाची दाढ समजतात आणि ती किडली तरी पडून नवी येईल अशा समजुतीत राहतात. आरोग्यकर्मीने पालकांना आरशात किंवा मुलाच्या तोंडात ती दाढ बोटाने दाखवली, तर कोणत्याही भित्तिपत्रकापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो. फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दिवसातून दोनदा दात घासणे आणि दाढांच्या खाचा वेळीच बंद करून घेणे या दोन उपायांची उपयुक्तता चांगली सिद्ध झालेली आहे.

यांशिवाय वाढ, रक्तक्षय, श्रवण, झोप, शारीरिक हालचाल, दीर्घकालीन आजार, भावनिक स्वास्थ्य आणि शिकण्यातील अडचणी हे विषय येतातच. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वयोगटातील मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल मिळायला हवी, आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते असे निद्राविज्ञानातील तज्ज्ञ सांगतात. हे आकडे पाठ असणे ठीकच. पण वर्गात डुलक्या देणाऱ्या मुलाला रात्री झोपायला उशीर का होतो, हे त्याच्याकडून आणि घरातून समजून घेता येणे हे खरे प्रशिक्षण.

चाळणी तपासणी शिकवताना नेमके काय शिकवावे?

पहिली बाब म्हणजे चाळणी तपासणी (स्क्रीनिंग), म्हणजे वरवर निरोगी दिसणाऱ्या मुलांतून दोषाची शक्यता असलेली मुले वेगळी काढणे, हे निदान नव्हे, याची पक्की जाणीव. १९६८ मध्ये विल्सन आणि युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी चाळणी तपासणीचे जे निकष मांडले, ते आजही प्रशिक्षणाचा पाया म्हणून उपयोगी पडतात : शोधला जाणारा प्रश्न महत्त्वाचा असावा, त्यावर मान्य उपचार असावा, निदान व उपचाराची सोय उपलब्ध असावी, आणि तपासणी लोकांना स्वीकारार्ह असावी. उपचाराची सोयच नसेल, तर दोष शोधून मुलाच्या नावापुढे खूण करण्याने त्या मुलाचे भले होत नाही. कोणती तपासणी करायची हे ठरवण्याआधी तिच्यानंतरची सोय तपासली पाहिजे, आणि हा क्रम उलटा झाला तर नकार देण्याचे धैर्यही आरोग्यकर्मीकडे असले पाहिजे.

दुसरी बाब आकड्यांची आहे, आणि ती एका उदाहरणाने लवकर समजते. समजा, १००० मुलांपैकी ५० मुलांमध्ये एखादा दोष आहे. आपली तपासणी दोष असलेल्यांपैकी ९० टक्के मुलांना बरोबर ओळखते आणि दोष नसलेल्यांपैकी ९० टक्के मुलांना बरोबर वगळते. अशा तपासणीत ४५ मुले बरोबर सापडतील, पण निर्दोष ९५० मुलांपैकी ९५ मुलेही चुकून बाजूला काढली जातील. एकूण १४० मुलांपैकी जेमतेम एक तृतीयांश मुलांनाच खरा दोष असेल. हे गणित प्रशिक्षणार्थींकडून स्वतः करवून घ्यावे. त्यानंतर पालकांना कळवण्यापूर्वी दुसऱ्या दिवशी फेरतपासणी का करायची आणि चिठ्ठीत ‘आपल्या मुलाला दोष आहे’ असे न लिहिता ‘अधिक तपासणीची गरज आहे’ असे का लिहायचे, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

तिसरी बाब हाताच्या सवयींची आहे. उंची मोजताना पादत्राणे काढलेली असावीत, टाचा भिंतीला टेकलेल्या असाव्यात, नजर सरळ समोर असावी आणि माप मिलिमीटरपर्यंत नोंदवावे. दृष्टितपासणीत तक्ता ज्या अंतरासाठी छापलेला आहे तेवढेच अंतर मोजून ठेवावे, उजेड पुरेसा असावा, एक डोळा बोटांनी नव्हे तर तळहाताने किंवा झाकणीने डोळ्यावर दाब न देता झाकावा, आणि रांगेतल्या मुलांना तक्ता आधीच दिसून पाठ होणार नाही याची काळजी घ्यावी. अक्षरे नीट न ओळखणाऱ्या मुलांसाठी दिशा दाखवायचा तक्ता किंवा चित्रांचा तक्ता वापरावा. नाहीतर आपण डोळ्यांऐवजी वाचन तपासत राहू. श्रवणतपासणीत सामान्यतः १०००, २००० आणि ४००० हर्ट्‌झ या वारंवारतांचे मंद स्वर ऐकवले जातात, आणि त्यासाठी शाळेतील सर्वांत शांत खोली मागून घ्यावी लागते. मैदानालगतच्या खोलीत केलेल्या श्रवणतपासणीची नोंद न केलेली बरी.

ही कौशल्ये व्याख्यानातून येत नाहीत. प्रत्येक प्रशिक्षणार्थीने अनुभवी व्यक्तीच्या नजरेखाली पुरेशा मुलांची तपासणी करावी, आणि तीच मुले दोन जणांनी स्वतंत्रपणे मोजून आपापली मापे ताडून पाहावीत. मापांतील तफावत पाहिल्यावर काटेकोरपणाचे महत्त्व कोणालाही पटते.

तपासणीत अडचण आढळली, तर पुढची जबाबदारी कोणाची?

ज्याने अडचण शोधली त्याची. मूल उपचारापर्यंत पोहोचले अशी नोंद होईपर्यंत. हे उत्तर अनेकांना जड वाटते, पण त्याहून हलके उत्तर देणे मला शक्य वाटत नाही.

चिठ्ठी घरी पाठवली म्हणजे संदर्भ सेवा (मुलाला पुढील तपासणी व उपचारासाठी पाठवण्याचे काम) पूर्ण झाली, असा समज सर्वत्र आढळतो. चिठ्ठी दप्तरातच राहू शकते, वाचणाऱ्याला ती समजत नाही, समजली तरी कामावरून सुटी मिळत नाही, दवाखाना कुठे आहे हे ठाऊक नसते, खर्चाची भीती असते, किंवा चष्मा लागला तर मुलाला चिडवतील असे वाटते. यातले प्रत्येक कारण वेगळे आहे आणि प्रत्येकाचे उत्तरही वेगळे आहे. म्हणून प्रशिक्षणार्थींना पालकांशी संवादाचा सराव भूमिका करून द्यावा. एकाने पालक व्हावे, दुसऱ्याने आरोग्यकर्मी, आणि तिसऱ्याने फक्त ऐकावे की आरोग्यकर्मीने किती प्रश्न विचारले आणि किती सूचना दिल्या. सुरुवातीला सूचनांचीच संख्या जास्त निघते. ‘तुम्ही मुलाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या’ असे सांगून थांबण्यापेक्षा ‘न्यायला काय अडचण येईल?’ असे विचारले, तर संभाषण पुढे सरकते.

यासोबत एक साधी नोंदवही लागते. तिच्यात मुलाची ओळख, आढळलेली बाब, कुठे पाठवले, कधीपर्यंत जायचे होते, गेले का, तिथे काय निष्पन्न झाले, आणि आता मूल चष्मा किंवा औषध वापरत आहे का, असे रकाने असावेत. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे आणि बहुधा तोच रिकामा राहतो. चष्मा मिळाला तरी तो घरी कपाटात असेल, तर फळ्यावरची अक्षरे मुलाला अजूनही दिसत नाहीत. ठरावीक काळानंतर वर्गात जाऊन किती मुलांनी चष्मा घातला आहे हे पाहून यायला फार वेळ लागत नाही, आणि न घालणाऱ्यांना खाजगीत कारण विचारले तर काचा ओरखडल्या, दांडी मोडली, कानामागे टोचते, अशी सहज दूर होण्यासारखी कारणे पुढे येतात.

दीर्घकालीन आजार असलेल्या मुलांसाठी काय शिकवावे?

दमा, अपस्मार (आकडी येण्याचा आजार), टाइप १ मधुमेह आणि तीव्र ॲलर्जी हे चार आजार प्रशिक्षणात स्वतंत्रपणे घ्यावेत, कारण त्यांत शाळेतच जीव धोक्यात येऊ शकतो. अशा प्रत्येक मुलासाठी एका पानाची वैयक्तिक काळजी योजना असावी : रोजची औषधे, त्रास सुरू झाल्याची लक्षणे, पहिली कृती, रुग्णवाहिका कधी बोलवायची, कोणाला कळवायचे. योजना पालक, उपचार करणारे डॉक्टर आणि शाळा यांनी मिळून करावी, मुलाचेही म्हणणे त्यात घ्यावे, आणि ती कुलूपबंद कपाटात न ठेवता संबंधितांच्या हाताशी ठेवावी. औषधांचेही तेच. दम्याचा इनहेलर कार्यालयात बंद असेल आणि चावी असलेली व्यक्ती रजेवर असेल, तर तो इनहेलर नसल्यासारखाच आहे.

इनहेलर वापरण्याची पद्धत हे सर्वांना येते असे गृहीत धरले जाणारे, पण बारकाईने पाहिल्यास पुष्कळांचे चुकणारे कौशल्य आहे. लहान मुलांसाठी स्पेसर (इनहेलर आणि तोंड यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी) जोडणे, औषध हलवून घेणे, एका वेळी एकच दाब देणे आणि शांतपणे काही श्वास घेणे, हे प्रशिक्षणार्थीने स्वतः करून दाखवावे आणि मग शिक्षकाला शिकवून दाखवावे. आकडी आली असताना मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत, घड्याळ पाहावे, आणि आकडी पाच मिनिटांहून अधिक चालली तर तातडीची मदत बोलवावी. तीव्र ॲलर्जीत श्वासाला त्रास किंवा अंग गळून जाणे दिसले, तर मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत ॲड्रेनलिन देण्यात उशीर होता कामा नये. आधी दुसऱ्या गोळ्या देऊन वाट पाहणे धोक्याचे आहे.

मधुमेहाच्या बाबतीत आधीच निदान झालेल्या मुलाची रक्तशर्करा कमी झाल्यास ओळखणे आणि शुद्धीवर असताना तत्काळ साखर देणे जितके महत्त्वाचे, तितकेच निदान न झालेले मूल ओळखणेही महत्त्वाचे आहे. सतत तहान, वारंवार लघवी, वजन घटणे, थकवा, आणि पूर्वी थांबलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे ही लक्षणे दिसली, तर त्या मुलाची रक्तशर्करा त्याच दिवशी तपासली गेली पाहिजे. ‘पुढच्या आठवड्यात दाखवा’ हे येथे चालत नाही.

वर्तन आणि मानसिक आरोग्य हा विषय आरोग्यकर्मींनी हाताळावा का?

हो, पण निदानाचे शिक्के मारण्याची घाई न करता. या वयातील मूल ‘मला चिंता वाटते’ असे क्वचितच म्हणते. ते पोट दुखते म्हणते, डोके दुखते म्हणते, सकाळी शाळेच्या वेळी उलटी येते म्हणते. शारीरिक कारण तपासल्यावरही दुखणे सुरू राहिले, आणि सुटीच्या दिवशी ते नसते असे लक्षात आले, तर शाळेत किंवा घरी काय घडत आहे ते शांतपणे विचारावे. मूल नाटक करत आहे असा निष्कर्ष काढू नये. ते दुखणे मुलाला खरोखर जाणवत असते.

अवधान अस्थिरता आणि अतिचंचलता (एडीएचडी) या स्थितीबद्दल शिक्षक वारंवार विचारतात. तिच्या प्रचलित निकषांनुसार लक्षणे बाराव्या वर्षापूर्वी सुरू झालेली असावी लागतात आणि किमान दोन ठिकाणी, म्हणजे उदाहरणार्थ घरी आणि शाळेत, दिसावी लागतात. एकाच वर्गात चंचल असणाऱ्या मुलाकडे पाहताना आधी त्याला नीट दिसते का, ऐकू येते का, झोप पुरते का, आणि शिकवले जाणारे त्याला समजते का, हे तपासावे. मध्यकर्णात द्रव साचलेले मूल मागच्या बाकावरून हाक मारल्यावर वळत नाही आणि हट्टी ठरते. त्याचे ऐकणे दिवसागणिक कमीजास्त होत असल्यामुळे तर ‘ऐकायचे तेव्हा बरोबर ऐकतो’ असा शेराही त्याला मिळतो. अशा एका मुलावरचा चुकीचा शेरा पुसला गेला, तरी या विषयाला दिलेला वेळ सार्थकी लागला असे मी मानतो.

वजनाबद्दल बोलताना कोणती काळजी घ्यावी?

५ ते १९ वर्षांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे २००७ चे वाढीचे संदर्भतक्ते वापरावेत. त्यांत वयानुसार बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजनाचे माप) मध्यकापेक्षा, म्हणजे त्या वयाच्या मधल्या मूल्यापेक्षा, एक प्रमाण विचलनाहून (मधल्या मूल्यापासूनचा फरक मोजण्याचे संख्याशास्त्रीय एकक) अधिक असेल तर अतिवजन, दोनाहून अधिक असेल तर लठ्ठपणा, आणि उणे दोनाच्या खाली असेल तर कृशता मानली जाते. प्रौढांसाठीचे आकडे मुलांना लावू नयेत.

तक्त्याहून अवघड आहे ते बोलणे. वजन नेहमी आडोशाला करावे, आकडा मोठ्याने वाचून दाखवू नये, इतर मुलांकडून नोंदी लिहून घेऊ नयेत. मुलाच्या समोर ‘जाड’, ‘वाळका’ असे शब्द आरोग्यकर्मीच्या तोंडून एकदा निघाले की वर्गात त्यांना अधिकृत मान्यता मिळते. पालकांशी बोलताना संपूर्ण कुटुंबाच्या सवयींबद्दल बोलावे, एकट्या मुलाला वेगळे वागवायला सांगू नये. कृश मुलाच्या पालकांशी बोलताना तर अधिकच जपावे, कारण घरात पुरेसे अन्न नसण्याची शक्यता असते आणि ‘पौष्टिक खायला द्या’ हा सल्ला तेव्हा जखमेवर मीठ चोळतो.

जंतनाशक गोळ्या, लसीकरण, रक्तक्षय आणि उवा यांबाबत काय माहीत असावे?

मातीतून पसरणाऱ्या जंतांचे प्रमाण मुलांमध्ये २० टक्के किंवा त्याहून अधिक असलेल्या प्रदेशांत सामूहिक जंतनाशक औषधोपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करते. शालेय मुलांसाठी अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम किंवा मेबेंडाझोल ५०० मिलिग्रॅमचा एकच डोस असतो. गोळी चावून खायला लावावी, आणि त्या दिवशी आजारी असलेल्या मुलाला ती देऊ नये. लसीकरणाच्या नोंदी शाळाप्रवेशाच्या वेळी तपासणे सोपे जाते. ५ ते ११ वर्षांच्या मुलांत हिमोग्लोबिन दर डेसीलिटरला ११.५ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय मानतात. उवांसाठी मुलाला शाळेतून घरी पाठवण्याची गरज नसते; त्या दिवशी शाळा सुटेपर्यंत मूल वर्गातच बसू शकते आणि उपचार संध्याकाळी घरी सुरू होऊ शकतात.

शाळेच्या परिसराकडे पाहणे हे आरोग्यकर्मीचे काम आहे का?

नक्कीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९५ मध्ये शालेय आरोग्याचा जागतिक उपक्रम सुरू केला, २००० मध्ये डाकार येथील जागतिक शिक्षण मंचावर युनेस्को, युनिसेफ आणि जागतिक बँकेसह एक समान चौकट मांडली गेली, आणि २०२१ मध्ये आरोग्यदायी शाळांसाठीची जागतिक मानके प्रसिद्ध झाली. या सर्वांत आरोग्य सेवेइतकेच स्थान शाळेच्या वातावरणाला आहे.

एक उदाहरण पुरेसे आहे. शौचालय घाण असेल, दाराला कडी नसेल किंवा तासाला जाण्याची परवानगी मिळत नसेल, तर मुले दिवसभर शौच आणि लघवी रोखून धरतात, पाणी पिणे टाळतात. त्यातून बद्धकोष्ठता, पोटदुखी, कपडे ओले होणे आणि मूत्रमार्गाचा संसर्ग उद्‌भवतो. अशी पाच मुले एकाच शाळेतून आली, तर पाच औषधचिठ्ठ्या लिहिण्याबरोबर मुख्याध्यापकांना एकदा भेटणे आवश्यक आहे. प्रशिक्षणार्थींनी शाळेच्या पहिल्याच भेटीत मुलांची शौचालये आणि हात धुण्याची जागा स्वतः जाऊन पाहावी, तिथे साबण आहे का ते पाहावे, आणि मुलांनाच विचारावे की ती त्यांचा वापर कधी टाळतात.

शिक्षकांशी कसे जुळवून घ्यावे?

वर्गशिक्षक मुलाला रोज कित्येक तास पाहतात, आपण काही मिनिटे पाहतो. कोण वही डोळ्यांजवळ धरते, कोणाला धावल्यावर खोकला येतो, कोण अलीकडे गप्प झाले आहे, हे त्यांना ठाऊक असते. मात्र ते कोणी विचारत नाही. तपासणीच्या आदल्या दिवशी शिक्षकांशी शांतपणे बोलावे. त्यांच्यावर नवे तक्ते भरण्याचे ओझे टाकू नये, वेळापत्रक त्यांना विचारून ठरवावे, आणि त्यांनी सुचवलेल्या मुलाचे पुढे काय झाले ते, पालकांची संमती असेल तेवढे, त्यांना परत कळवावे. ज्या शिक्षकाला असे उत्तर मिळते, तो पुढच्या वेळी आपणहून येऊन सांगतो.

संमती, गोपनीयता आणि छळाचा संशय यांबद्दल प्रशिक्षणात काय असावे?

पालकांची संमती त्यांना समजेल अशा भाषेत, तपासणीत काय होणार आहे हे सांगून घ्यावी. पालकांनी होकार दिला तरी मुलालाही विचारावे. १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातील बाराव्या कलमानुसार स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा मुलाला हक्क आहे, आणि नाही म्हणणाऱ्या मुलाला धरून ठेवून केलेल्या तपासणीमुळे ते मूल पुढची कित्येक वर्षे दवाखान्याला घाबरते.

छळाच्या संशयाचा भाग सर्वांत गंभीर आहे आणि तो घाईत उरकू नये. मूल काही सांगू लागले तर शांतपणे ऐकावे, त्याच्या तोंडी शब्द घालणारे प्रश्न विचारू नयेत, धक्का बसल्याचे दाखवू नये, ‘हे मी कोणालाच सांगणार नाही’ असे वचन देऊ नये. ‘तू सांगितलेस हे चांगले केलेस, यात तुझी चूक नाही, आणि तुला मदत करणाऱ्यांना मी हे सांगणार आहे’ एवढे म्हणावे. मुलाचे शब्द जसेच्या तसे, वेळेसह लिहून ठेवावेत, स्वतः चौकशी सुरू करू नये, आणि आपल्या ठिकाणच्या कायद्याने नेमून दिलेल्या यंत्रणेला लगेच कळवावे. ज्याच्यावर संशय असू शकतो त्या व्यक्तीला आधी जाब विचारणे मुलाला अधिक धोक्यात टाकते.

प्रशिक्षण किती काळाचे असावे, कोणी द्यावे, आणि ऑनलाइन चालेल का?

सलग काही दिवस व्याख्याने ऐकवून प्रमाणपत्र देणे ही सर्वांत प्रचलित आणि सर्वांत कमी टिकणारी पद्धत आहे. थोडे शिकणे, शाळेत जाऊन करणे, अडचणी घेऊन परत येणे आणि पुन्हा शिकणे, असे टप्पे अंतराअंतराने ठेवले तर कौशल्य अंगी मुरते. माहितीचा भाग ऑनलाइन देता येतो आणि दूरवरच्या कर्मचाऱ्यांसाठी तो सोयीचाही असतो. मोजमाप, इनहेलर, आकडीच्या वेळची कृती आणि पालकांशी संवाद मात्र समोरासमोरच शिकवावे. प्रशिक्षकांच्या गटात बालरोगतज्ज्ञ असावेत, शाळेत प्रत्यक्ष काम करणारी परिचारिका असावी, प्राथमिक शिक्षक असावा, आणि दीर्घ आजार असलेल्या मुलाच्या पालकांपैकी कोणी यायला तयार असेल तर त्यांना सन्मानाने बोलवावे. त्यांनी सांगितलेले प्रशिक्षणार्थी विसरत नाहीत.

प्रशिक्षणाचा उपयोग झाला हे कसे ओळखावे?

प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या चार पातळ्या येथे सोयीच्या आहेत : प्रशिक्षणार्थींना ते आवडले का, त्यांना काय शिकता आले, त्यांच्या कामात काय बदलले, आणि मुलांना काय मिळाले. बहुतेक अहवाल पहिल्या पातळीवर थांबतात, फार तर आधी व नंतर घेतलेल्या चाचणीचे गुण देतात. तिसऱ्या पातळीसाठी कोणीतरी शाळेत जाऊन तपासणी प्रत्यक्ष पाहावी लागते. चौथ्या पातळीसाठी किती मुले तपासली हा आकडा निरुपयोगी आहे. पुढे पाठवलेल्यांपैकी किती पोहोचली, किती मुलांचे उपचार पूर्ण झाले, चष्मा मिळालेल्यांपैकी किती जण तो वापरतात, आणि काळजी योजना असलेल्या मुलांची गैरहजेरी घटली का, हे विचारावे. वरच्या कार्यालयाने फक्त तपासलेल्या मुलांची संख्या मागितली, तर कर्मचारी रांग भराभर पुढे सरकवतात. म्हणून प्रशिक्षण बदलताना मागवला जाणारा अहवालही बदलून घ्यावा.

मी एकटीच अनेक शाळा सांभाळते. प्रशिक्षणानंतर सुरुवात कुठून करू?

सर्व शाळांत सर्व तपासण्या एकदम सुरू करू नका. आधी प्रत्येक शाळेत दीर्घकालीन आजार असलेल्या मुलांची यादी करा आणि त्यांच्या काळजी योजना पूर्ण करा, कारण तिथे उशीर परवडणारा नाही. त्यानंतर पहिलीच्या वर्गाची दृष्टितपासणी घ्या, पण नेत्रसेवा देणाऱ्या ठिकाणाशी बोलून ते किती मुलांना आणि कधी पाहू शकतील हे ठरवल्यावरच. त्यांची सोय आठवड्याला दहा मुलांची असेल, तर तुमची तपासणीही त्याच वेगाने चालू द्या. प्रत्येक शाळेतील एका शिक्षकाशी थेट संपर्क ठेवा. आणि महिन्यातला एक दिवस असा राखून ठेवा, की ज्या दिवशी एकाही नव्या मुलाची तपासणी करायची नाही. नोंदवहीतील शेवटचा रकाना रिकामा असलेल्या मुलांच्या घरी तेवढे जायचे.